परमुलुखीचा भुकेला आणि खर्चाचे खाते

(समितीच्या देणगीदारांच्या नंदुरबार येथील सभेत झालेले भाषण. सभेच्या इच्छेवरून विनंतीपत्र व अहवाल यांसोबत छापून दिले आहे.)



समितीच्या कामाचा अहवाल चिटणीसांनी आताच वाचून दाखविला; त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते एका सूचनेविषयी. गेल्या सभेत काही देणगीदारांनी असे सुचविले की, समितीचे धान्य व औषध ज्याच्यापाशी या जिल्ह्याची शिधापत्रिका असेल त्यासच द्यावे. सीमेपलीकडून येणाऱ्यास देऊ नये. सूचना मांडणारे गृहस्थ कृपण नव्हेत. समितीच्या कोठारातील धान्याचा मोठा भाग त्यांच्याच दुकानांतून व खळ्यांतून आलेला आहे. तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा विचार आदरपूर्वक झाला पाहिजे, आणि उत्तर द्यावयाचे तर ते केवळ दयेच्या भाषेत न देता हिशेबाच्या भाषेत दिले पाहिजे.

प्रथम एक कबुली देतो. सूचना मंजूर होण्यापूर्वीच आम्ही ती एक दिवस अमलात आणून पाहिली आहे. शहाद्याहून खेतियाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आपल्या केंद्रावर आम्ही देखरेखीस होतो. दुपारी धान्य संपत आले होते आणि रांग बरीच उरली होती. रांगेत पानसेमलकडची एक बाई होती. कडेवर एक मूल, बोटाला एक. स्वयंसेवकाने शिधापत्रिका विचारली. तिच्यापाशी होती ती मध्य प्रदेशाची. स्वयंसेवकाने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही मान हलविली. बाई रडली नाही, भांडलीही नाही. तिने आपल्या बोलीत एवढेच विचारले की, मागल्या मोसमात याच शिवारात आम्ही कापूस वेचला, तेव्हा हे कार्ड कोणी का पाहिले नाही? तीस वर्षे आम्ही वकिली करीत आहो. प्रतिपक्षाच्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही असे प्रसंग थोडे; त्यांत हा एक. ती बाई नंतर कोठे गेली ते आम्हांस कळले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सूचनेच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करू. बाहेरून माणसे आली की खर्च वाढतो, यात संशय नाही. गावच्या विहिरीवर शंभर घागरींच्या जागी दीडशे घागरी लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईनच्या बाटल्या लवकर संपतात. उघड्यावर वस्ती पडली की हगवण व ताप पसरतात, आणि रोग शिधापत्रिका पाहून घरात शिरत नाही. ग्रामपंचायतीची तिजोरी लहान. तिला मिळणारे अनुदान गावच्या मोजलेल्या लोकसंख्येवर ठरते, पाण्याच्या टाकीवर प्रत्यक्ष आलेल्या माणसांवर नव्हे. हा भार प्रथम कोणावर पडतो? पेढीवर बसणाऱ्यावर नाही. तो त्याच गावच्या भूमिहीन मजुरावर पडतो. त्याची रांग लांबते आणि त्याच्या मजुरीचा भाव उतरतो. म्हणून बाहेरच्यास देऊ नका असे जेव्हा गावचा गरीब म्हणतो, तेव्हा त्यास आम्ही निष्ठुर म्हणणार नाही. दुसऱ्याच्या नफ्याचे बिल त्याच्या हाती देण्यात आले आहे.

आता ही सीमा कोणती, हे पाहू. आपला नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून निराळा झाला. त्यापूर्वी हा मुलुख धुळ्याचा, त्याआधी पश्चिम खानदेशाचा आणि 1906 पूर्वी एकाच थोरल्या खानदेशाचा होता. इंग्रजी अमदानीत याच्या सभोवती बडवानी, राजपिपळा, सागबारा, बडोद्याच्या गायकवाडांचा सोनगड-व्यारा हा मुलुख व डांगचे राजे पसरले होते. खुद्द अक्कलकुव्याकडे काठी आदी मेहवासी जहागिरी होत्या. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निराळी झाली, आणि सीमारेषा नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावरूनच गेली. आजही त्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत आहे. तेथील बाकावर बसलेला भुकेला मनुष्य दोन हात सरकला की आपल्या सूचनेप्रमाणे साहाय्यास पात्र होतो, आणि परत सरकला की अपात्र! भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या लोकांची सोयरीक या रेषांच्या दोन्ही अंगांस आहे. रेषा आपण कचेरीत ओढल्या. पाऊस ओढ देतो तो रेषा पाहून देत नाही. 2023 च्या ऑक्टोबरात शासनाने राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत नंदुरबार तालुका होता. तालुक्याची शीव ओलांडताच पीक हिरवे झाले होते काय?

हा प्रश्न आपल्या मुलुखास नवा नाही. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा दुष्काळ आजही छप्पन्नाचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. राजपुताना, गुजरात व मध्य हिंदुस्थान यांत पाऊस गेला. खानदेशासही तडाखा बसला. संस्थानांत साहाय्याची व्यवस्था अपुरी, म्हणून तेथील प्रजा लगतच्या इंग्रजी जिल्ह्यांत येऊ लागली. त्या काळी ती प्रजा कायद्याने खरोखरच परकी होती. खर्च कोणी सोसावा, यावर सरकार व दरबार यांत पत्रव्यवहार चाले. दुष्काळ-संहितांत भटक्यांना गरीबखान्यात ठेवावे व बळ आल्यावर स्वमुलुखी धाडावे अशी तजवीज होती. परंतु माणूस भटक्या होऊन दाराशी येतो तेव्हा त्याची बैलजोडी विकली गेलेली असते, बियाणे खाल्लेले असते आणि शरीर खंगलेले असते. गावी असता ज्याला थोडक्या मजुरीचे काम पुरले असते, त्याला आता अन्न, औषध, निवारा आणि परतीचा प्रवास हे सर्व लागते. डोंगरातले भिल्ल तर सरकारी कामावर येण्यास कचरत. ते आले तेव्हा बहुधा उशीर झालेला असे. दुष्काळातील सर्वांत महाग मनुष्य तो भटकणारा मनुष्य, हा त्या वर्षाचा धडा आहे.

1943 साली बंगाल्यात हाच धडा पुन्हा मिळाला. खेड्यांत तांदूळ मिळेना तेव्हा निराधार माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडली. त्याच वर्षी अध्यादेश काढून त्यांना शहराबाहेर नेण्यास आरंभ झाला. रस्ते मोकळे झाले. भूक मोकळी झाली नाही.

ज्या इंग्रजांच्या कायद्यावर आमचे शिक्षण झाले, त्यांचाही अनुभव ऐकण्याजोगा आहे. 1601 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाने, आपले गरीब पोसावेत असे ठरले. व्यवस्था चांगली दिसली. पण लगेच प्रश्न निघाला की, आपले म्हणजे कोणाचे? 1662 साली दुसरा कायदा झाला. त्यान्वये वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहावयास आलेला नवखा मनुष्य पुढे गावावर भार होईल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्यास परत धाडता येई. परिणाम असा झाला की, गावे गरिबांस पोसण्याऐवजी हा गरीब कोणाचा हे ठरविण्याच्या खटल्यांत पैसा घालू लागली. मूल जेथे जन्मेल तेथे त्याचा हक्क लागू नये, म्हणून गरोदर निराधार स्त्रियांना शिवेबाहेर लोटण्यात आले. त्यांत फायदा आमच्या धंद्यातील मंडळींचा झाला, हे लाजेने सांगितले पाहिजे. ॲडम स्मिथने 1776 साली आपल्या ग्रंथात या कायद्यावर कडक टीका केली, आणि 1795 साली, प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणास हाकलू नये, अशी दुरुस्ती झाली. शिवेवर पहारा बसविणे हे स्वस्त पडते, ही समजूत खोटी ठरावयास इंग्लंडास शतकाहून अधिक काळ लागला.

अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात मोठे अवर्षण व धुळीची वादळे झाली, तेव्हा ओक्लाहोमा, टेक्सास इत्यादी भागांतील शेतकरी कॅलिफोर्नियाच्या वाटेस लागले. 1936 साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर जाऊन निर्धनांस अडविले. एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाने टेक्सासातून आपल्या बायकोच्या निर्धन भावास गाडीत बसवून आणले, म्हणून त्याला शिक्षा झाली. 1941 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. दारिद्र्याचा भार साऱ्या राष्ट्राचा आहे, एका राज्यास शेजाऱ्यांपासून अलग होऊन तो टाळता येत नाही, असा त्या निकालाचा भाव आहे.

हे झाले एकाच देशातील लोकांविषयी. परदेशांतून आलेल्यांविषयी तेथील विज्ञान अकादमीने 2016 साली मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आढळले की, नव्याने आलेल्या पिढीचा खर्च, विशेषतः त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा, राज्ये व स्थानिक संस्था यांवर पडतो. आणि हीच मुले मोठी झाली की सरकारी तिजोरीत भर घालणाऱ्यांत अग्रभागी असतात. म्हणजे खर्च आज आणि येथे. लाभ उद्या आणि अन्यत्र. भांडणाचे मूळ यात आहे. खर्च सोसणारा व लाभ घेणारा हे निराळे असले की, खर्च सोसणाऱ्याचा राग लाभ घेणाऱ्यावर न निघता मधल्या भुकेल्यावर निघतो.

आता व्यापारी मंडळींनी आपल्याच जिल्ह्याची खतावणी उघडावी. नावेची बाजू आपण पाहिली. जमेची बाजूही पाहावी लागेल. शहादे व तळोदे येथील बागायतीत, ऊस, केळी, पपई व कापूस यांच्या शेतांत हात कोणाचे राबतात? नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर दिवसभर ठसका सोसून देठ कोण खुडते? त्यांत डोंगरातले लोक आहेत, आणि त्यांत सीमेपलीकडचेही आहेत. मोसमात हे हात आपणांस स्वस्त पडतात, कारण त्यांना वाढविण्याचा, शिकविण्याचा व आजारपणाचा खर्च दुसऱ्या कोणत्या तरी गावाने सोसलेला असतो. ती जमा आपण मुकाट्याने घेतली, आणि अवर्षणाच्या वर्षी त्यांचे नाव आले की म्हणतो, हे खाते आमच्या पेढीवर नाही. ज्या पेढीने जमा मान्य करावी व नावे नाकारावी, तिचा हिशेब कोणता न्यायाधीश खरा मानील?

याच खतावणीचे दुसरे पान अधिक दुःखाचे आहे. आपण जेवढे लोक घेतो त्याहून फार मोठ्या संख्येने आपले लोक बाहेर जातात. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, नवापूर येथील पाडेच्या पाडे रिकामे होऊन गुजरातेत बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीस जातात. डच विद्वान यान ब्रेमन यांनी अर्धशतकापूर्वीच या खानदेशी तोडकऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे. नवरा व बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, ती फिटेपर्यंत काम, निवारा पाचटाच्या खोपीचा. मुले सोबत गेली तर शाळा व अंगणवाडी सुटते. मागे राहिली तर म्हाताऱ्यांच्या पदरी पडतात. तेथील गावकरी आपल्या लोकांस काय म्हणत असतील? तेच, जे आपण पानसेमलच्या बाईस म्हणालो. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 48 हजार भरली. तीत शंभरी 69 हून अधिक अनुसूचित जमातींचे लोक. ज्या जिल्ह्याची माणसे दरसाल दुसऱ्यांच्या दाराशी उभी असतात, त्याने आपले दार लावून घेण्याचा पायंडा पाडू नये. तो पायंडा उलटून आपल्याच लोकांवर येईल.

कायद्याविषयी दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास देशभर संचार करण्याचा व कोठेही राहण्याचा हक्क आहे. तेव्हा खेतियाचा मनुष्य शहाद्यात बेकायदा असू शकत नाही. त्याच्यापाशी कागद नाही एवढेच त्याचे न्यून. कागदाचा अभिमान आपण धरावा तर कसा? देशातील पहिले आधार ओळखपत्र 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यात, शहादे तालुक्यातील टेंभली गावी देण्यात आले. ओळखपत्र मिळाल्याने रानातले काम वाढले नाही व ऊसतोडीची वाट बंद झाली नाही. आता कोणी विचारील की, खरोखरचा परदेशी, विनापरवाना देशात शिरलेला, रांगेत आला तर? त्यासाठी कायदा आहे. 1946 चा परकीयांविषयीचा कायदा जाऊन 2025 साली नवा झाला आहे. तपासणे, धरणे, परत धाडणे ही कामे शासनाची होत. ती शासनाने करावीत आणि समितीने त्यांत आडवे येऊ नये. परंतु 21 व्या अनुच्छेदात जीविताचे रक्षण नागरिकास नव्हे तर व्यक्तीस दिले आहे, आणि 1996 साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण परकीयांसही आहे असे सांगितले. सरकारी शिपायाचे काम ओगराळ्याने करू नये.

मग खर्च सोसावा कोणी? याचे उत्तर परदेशांत शोधण्याचे कारण नाही. ते महाराष्ट्रानेच दिले आहे. 1972 च्या दुष्काळात सरकारने गावोगाव कामे काढली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे त्यांवर होती. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेल्या रोजगार हमीस 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप आले. त्यासाठी पैसा आला कोठून? 1975 साली व्यवसाय कर बसला. मुंबईच्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, आम्हां वकिलांनीही तो भरला आणि खेड्यात पाझर तलाव व बांध झाले. या योजनेत उणिवा राहिल्या. मजुरी रखडली, हजेरीपटांत खोट्या नोंदीही झाल्या. तथापि तत्त्व अचूक होते. ज्याच्या रस्त्यावर उद्या भटके येणार, त्याने आज गावात काम निघण्यासाठी वर्गणी द्यावी. शिधापत्रिकेचेही तसेच. 2019 च्या ऑगस्टात एका राज्याची पत्रिका दुसऱ्या राज्यात चालविण्याचा आरंभ ज्या दोन जोड्यांत झाला, त्यांतील एक महाराष्ट्र व गुजरात ही होती. शासनाने रेषा ओलांडली. समितीने मागे का राहावे?

यास्तव मूळ सूचनेऐवजी आम्ही पुढील गोष्टी सभेपुढे ठेवतो.

पहिली : शिजविलेले अन्न, पाणी व औषध यांसाठी कोणासही पत्रिका विचारू नये. नाव, गाव व माणसे यांची नोंद मात्र घ्यावी. ती हिशेबासाठी, अडविण्यासाठी नव्हे.

दुसरी : जिल्ह्याबाहेरच्या लोकांवरील खर्चाचे खाते निराळे ठेवावे, दर महिन्यास सूचनाफलकावर लावावे, आणि त्याची प्रत दोन्ही राज्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस धाडून भरपाई मागावी. मागितलेले मिळेलच असे नाही. न मागितलेले खात्रीने मिळत नाही.

तिसरी : जे शेतमालक, पथारीवाले व कारखानदार बाहेरून मजूर आणतात, त्यांनी दर मजुरामागे समितीस वर्गणी द्यावी. हा दंड नव्हे. 1979 च्या कायद्यात आंतरराज्य मजुरास ठेकेदाराने प्रवासभत्ता व विस्थापनभत्ता द्यावा अशी तरतूद होती. तिचे तत्त्वच आम्ही स्वेच्छेने पाळण्यास सांगत आहो. यामुळे गावच्या गरिबाची तक्रारही दूर होईल. कारण त्याच्या वाट्याचे धान्य बाहेरच्यास गेले असे त्यास म्हणता येणार नाही.

चौथी : निधीचा मोठा हिस्सा दिवाळीपूर्वी, माणसे पाडे सोडण्याच्या आधी खर्चावा. चारा, बियाणे, विहिरींचा गाळ, बांधबंदिस्ती आणि मागे राहणाऱ्या मुलांच्या भोजनाची सोय यांवर तो लागावा. शेळी विकण्यापूर्वी दिलेला पैसा ती विकल्यानंतर दिलेल्या पैशापेक्षा कितीतरी अधिक काम करतो.

पाचवी : जे आपले लोक जातीलच, त्यांना पत्रिका परराज्यात कशी चालते हे सांगणारी व मुकादमाच्या उचलीचा हिशेब लिहून ठेवणारी माणसे नवापूर व अक्कलकुवा येथे बसवावीत. हिशेब लिहिण्याचे काम आमच्या वकील मंडळींनी विनामूल्य करावे. आम्ही स्वतः त्यास बांधील आहो.

सभ्य गृहस्थहो, आपण दान देता ते सढळ हाताने देता. आम्ही आज आपणांपाशी दान मागत नाही, येणे मागत आहो. ज्यांच्या श्रमाची जमा आपल्या वहीत आहे, त्यांच्या भुकेची नावे त्याच वहीत लिहा, इतकीच विनंती. रोख रक्कम, ज्वारी, मका, तूरडाळ, कडबा, औषधे, जे ज्याच्यापाशी असेल ते समितीच्या कार्यालयात पोचवावे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब तपासनिसाकडून तपासून पुढील अहवालात छापला जाईल. खेतिया रस्त्यावरील केंद्र पुन्हा उघडावयाचे आहे. त्या रांगेत ती बाई पुन्हा येईल की नाही, आम्हांस ठाऊक नाही. तिच्यासारखी दुसरी येईल हे मात्र निश्चित, आणि त्या दिवशी मान आडवी हलविण्याची पाळी आमच्यावर न आणणे हे आपल्या हाती आहे.